काचेतली पेशी, कृष्णाकाठचा आजार

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा कृष्णाकाठच्या खेड्यांतला जुना आजार आहे. पाळी जाऊन वर्षे लोटलेल्या बाईच्या अंगावर पुन्हा जाऊ लागले, पांढऱ्या जाण्याला वास येऊ लागला, कंबर धरली, तरी ही गोष्ट घरातल्या कर्त्या माणसांच्या कानावर जाईपर्यंत महिनोन्‌महिने निघून जात. आजचा सातारा आणि सांगलीचा मोठा भाग १९४९ पर्यंत एकाच सातारा जिल्ह्यात होता. संस्थाने विलीन झाल्यावर दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या सगळ्या मुलखासाठी मोठा दवाखाना म्हणजे मिरज. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, त्यांनी आधी सांगलीत दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने सातारा, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर या सर्व बाजूंचे रोगी तिथे उतरत. वानलेस रुग्णालयाने या भागाला शस्त्रक्रियेची सवय लावली. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा तिथे रुग्णसेवेची सहा-सात दशकांची परंपरा आधीच होती.

मात्र रुग्णालयात दिसणारी कर्करोगाची पेशी ही मेलेली पेशी असे. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, ही विकृतिशास्त्राची रीत. त्यातून रोग कोणता आणि किती पसरला हे कळते. ती पेशी का वाढते, कशाने वाढते आणि कशाने थांबते, हे विचारायचे तर पेशी जिवंत हवी, आणि शरीराबाहेर जिवंत हवी. माणसाच्या पेशींत हे जमायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला, आणि जमले तेव्हा ज्या मानवी पेशी पहिल्यांदा कायमच्या टिकल्या त्या नेमक्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या होत्या.

फेब्रुवारी १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून एक तुकडा काढला गेला आणि जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तिची परवानगी कोणी घेतली नव्हती. त्या काळी ती घेण्याची पद्धतही नव्हती. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ती वारली. तिच्या पेशी मात्र दर चोवीस तासांच्या आसपास दुप्पट होत राहिल्या. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘हेला’ म्हणतात. गे यांनी त्यांना जे खायला घातले ते पाहण्यासारखे आहे: कोंबडीच्या रक्तातला द्रव, गाईच्या भ्रूणाचा अर्क आणि बाळंतपणानंतर नाळेतून घेतलेल्या माणसाच्या रक्ताचा रक्तद्रव. यातल्या कोणत्या पदार्थाने पेशी वाढते हे त्यांना माहीत नव्हते. स्वयंपाकघरातल्या हातच्या अंदाजासारखे ते मिश्रण होते.

याच प्रयोगशाळेत पुण्याची एक संशोधक ऊतिसंवर्धन, म्हणजे पेशी शरीराबाहेर काचेत वाढवण्याचे तंत्र, शिकली. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ जीवशास्त्राचे अध्यापक होते. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग पुण्याचे कृषी महाविद्यालय असा त्यांचा शिक्षणाचा मार्ग. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. कर्करोगाकडे त्या नंतर वळल्या. मुंबईला आल्यावर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. शिष्यवृत्ती घेऊन परदेशी जा, असा आग्रह खानोलकरांचाच. बाल्टिमोरहून परतल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती देशातली अशा प्रकारची पहिली मानली जाते. हे केंद्र १९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने सुरू झाले होते आणि १९६६ ते १९७० या काळात त्याचे संचालकपद रणदिवे यांनी सांभाळले.

परळ हे ठिकाण सातारा-सांगलीला परके नव्हते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेले टाटा मेमोरियल गिरणगावाच्या ऐन मध्यात होते आणि गिरणगावातला मोठा वर्ग कोकणाबरोबरच साताऱ्याकडून आलेला होता. घाटावरच्या माणसाची एखादी तरी खोली, निदान खानावळीतली वळकटी, लालबाग-परळच्या चाळींत असायची. त्यामुळे मिरजेला जे झाले नाही त्यासाठी परळ, हा प्रवासाचा दुसरा टप्पा ठरून गेला. जिथे गावाकडच्या बायका उपचाराला येत, त्याच आवारात कर्करोगाच्या पेशी काचेत वाढवण्याचे काम सुरू झाले, हा योगायोग असला तरी महत्त्वाचा आहे. रणदिवे यांचे स्वतःचे मुख्य काम उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगावर होते. त्यात त्यांनी संप्रेरके आणि विषाणू यांचा गाठीच्या वाढीशी असलेला संबंध तपासला. बाहेरून आलेला रासायनिक निरोप पेशीला वाढायला लावतो, ही कल्पना परळला अशी संप्रेरकांच्या वाटेने रुजत होती.

पेशीला असा वाढीचा निरोप देणाऱ्या पदार्थांची, म्हणजे वृद्धिघटकांची, खरी ओळख मात्र वेगळ्याच वाटेने झाली. १९५५ मध्ये हॅरी ईगल या शास्त्रज्ञाने हेला आणि उंदराच्या पेशींना कोणती अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि क्षार लागतात याची यादी तयार केली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या माध्यमांत पेशी वाढतात त्यांतले एक त्याच्या नावाने ओळखले जाते. पण यादीतले सगळे पदार्थ घातले तरी पेशी नीट वाढत नसत. थोडा रक्तद्रव घालावाच लागे. म्हणजे रक्तद्रवात अन्नाखेरीज आणखी काहीतरी होते. ते काय, याचा शोध पुढली वीस वर्षे चालला. दरम्यान गर्भातल्या वासरांच्या रक्ताचा द्रव हा प्रमाण पदार्थ झाला. साधारण दहा टक्के रक्तद्रव, सदतीस अंश तापमान, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, हा पाठ पुढे प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत उतरला. हा रक्तद्रव महाग असतो, आणि एका लॉटचा गुण दुसऱ्यात नसतो. त्यामुळे जुना लॉट संपला की नव्या लॉटमध्ये तोच प्रयोग वेगळे उत्तर देतो, हा अनुभव या धंद्यात सर्वांचाच आहे.

स्टॅन्ली कोहेन यांना उत्तर मिळाले ते उंदराच्या पिलांत. रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांच्याबरोबर चेतातंतूंच्या वाढीच्या घटकावर काम करताना त्यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तर पिलांचे डोळे नेहमीच्या जवळपास निम्म्या वेळात उघडले आणि दातही लवकर आले. हा परिणाम चेतातंतूंच्या घटकाचा नव्हता. १९६२ मध्ये त्यांनी या दुसऱ्या पदार्थाचे वर्णन केले. पुढे त्याला त्वचेच्या वरच्या थराचा वृद्धिघटक, संक्षेपात ईजीएफ, म्हणू लागले. त्रेपन्न अमिनो आम्लांचे ते लहानसे प्रथिन आहे. पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी ग्राही असतो. ईजीएफ त्याला चिकटला की ग्राहीचा आतला भाग टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवू लागतो, तिथून साखळीने निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी विभाजनाच्या तयारीला लागते. या कामासाठी कोहेन आणि लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांना १९८६ चे नोबेल मिळाले.

गर्भाशयमुखाचे आवरण त्वचेच्याच जातीचे असल्याने ईजीएफचा प्रश्न इथे सरळ लागू होतो. १९७८ मध्ये हचिंग्ज आणि गॉर्डन सातो यांनी हेला पेशी रक्तद्रवाशिवाय वाढवून दाखवल्या. रक्तद्रवाच्या जागी त्यांनी इन्शुलिन, लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन, ईजीएफ, तंतुजनक पेशींचा वृद्धिघटक, हायड्रोकॉर्टिसोन आणि काही सूक्ष्म मूलद्रव्ये दिली. गे यांच्या काळापासून अंदाजाने चाललेल्या मिश्रणातला कार्यकारी भाग या प्रयोगाने नावानिशी मांडला. प्रयोगशाळेतला गर्भाशयमुखाचा कर्करोग समजून घ्यायचा तर हा प्रयोग हेलाच्या जन्माइतकाच मोठा आहे, पण त्याचा उल्लेख फार कमी होतो.

अशा प्रयोगाची रीत साधी असते. पेशी ताटलीच्या तळाला धरल्या की त्यांचा रक्तद्रव काढून घेतात आणि एक दिवस तशाच ठेवतात. मग मोजून मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढा वृद्धिघटक घालतात. पूर्वी किरणोत्सारी थायमिडीन किती आत गेले यावरून नव्या डीएनएची मोजदाद होई. १९८३ नंतर एमटीटी ही चाचणी रूढ झाली. तिच्यात जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळे करतात आणि जांभळेपणावरून पेशींची संख्या काढता येते. पेशींच्या अखंड थरावर टोकदार नळीने ओरखडा काढून तो किती तासांत भरतो हेही पाहतात, कारण काही वृद्धिघटक पेशींना वाढवण्यापेक्षा हलवण्याचे काम अधिक करतात. यकृतपेशींचा वृद्धिघटक एकमेकींना धरून असलेल्या पेशींना पांगवतो. कर्करोग एका जागी राहणार की पसरणार, याच्याशी या गुणाचा संबंध आहे.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याने हीच रीत दुसऱ्या रूपात पाहिलेली आहे. जी-नाइन केळीची टिश्यू कल्चरची रोपे बाटलीतल्या माध्यमातच तयार होतात, आणि तिथेही ऑक्सिन व सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकांचे प्रमाण बदलले की एकाच तुकड्याला मुळे फुटायची की कोंब, हे ठरते. वनस्पतींची रसायने प्राण्यांच्या वृद्धिघटकांहून अगदी वेगळी आहेत, एवढे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

हेलापाठोपाठ काचेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशींचे आणखी वंश आले. एका जपानी स्त्रीच्या गाठीतून सीहा, दुसऱ्या एका रुग्णाच्या आतड्याजवळ पसरलेल्या गाठीतून कास्की, आणि सी-३३ए. संशोधकांनी वृद्धिघटक घातले तेव्हा सर्वांनी सारखा प्रतिसाद दिला नाही. काही वंश ईजीएफने वेगाने वाढले, काहींवर परिणाम थोडा झाला. १९९५ च्या एका अभ्यासात तर असे दिसले की ईजीएफ मिळाल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी इन्शुलिनसदृश दुसरा वृद्धिघटक स्वतःच तयार करतात आणि वाढीचा निरोप त्याच्यामार्फत पुढे जातो. ज्या पेशीला निरोप बाहेरून हवा असायचा, ती तो घरातच तयार करू लागली. निरोगी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांतला एक कळीचा फरक इथे दिसतो.

या फरकामागे विषाणू आहे हे तोवर कळून चुकले होते. हाइडलबर्गचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचा प्रकार १६ आणि पुढल्या वर्षी प्रकार १८ कर्करोगाच्या गाठींत शोधला. जुन्या कुप्या तपासल्या तेव्हा हेलामध्ये प्रकार १८ निघाला, सीहा आणि कास्कीमध्ये प्रकार १६. सी-३३ए मात्र विषाणूविना होती. विषाणूची तीन प्रथिने पेशीला वाढीच्या वाटेवर ढकलतात. ई-६ हे पी-५३ या राखणदार प्रथिनाचा नाश घडवते. ई-७ हे आरबी प्रथिनाला अडकवते, त्यामुळे विभाजनाचे दार सताड उघडे राहते. वृद्धिघटकांच्या दृष्टीने सर्वांत लक्षवेधी तिसरे, ई-५. ईजीएफ चिकटलेला ग्राही साधारणपणे पेशीच्या आत ओढला जातो आणि पचवला जातो, म्हणजे निरोप संपतो. ई-५ असले की हे पचणे मंदावते, ग्राही पुन्हा पृष्ठभागावर येतात आणि थोड्याशा ईजीएफने बराच वेळ निरोप चालू राहतो.

सगळे वृद्धिघटक वाढवणारे नसतात. टीजीएफ-बीटा हा निरोगी गर्भाशयमुखाच्या पेशींना आवरून धरतो. विषाणूने अमर केलेल्या पेशींवर त्याचा लगाम सैल पडतो आणि त्या जसजशा कर्करोगाकडे झुकतात तसतसा आणखी सैल होतो. काही वंशांत तर त्याचे ग्राहीच सदोष आढळले. पुढे हाच पदार्थ गाठीला आसपासच्या ऊतीत घुसायला मदतही करतो. नाव वाचून गुण ठरवू नये, हे वृद्धिघटकांच्या बाबतीत फार लवकर शिकावे लागते.

काचेतल्या प्रयोगांनी औषधांना दिशा दिली, पण प्रत्येक वेळी नाही. ईजीएफचा ग्राही अडवणारे सेटक्सिमॅब गर्भाशयमुखाच्या बळावलेल्या कर्करोगात फारसे उपयोगी ठरले नाही. एवढ्या आशेने पाहिलेल्या ग्राहीचे हे अपयश कुपीतल्या पेशीच्या मर्यादा दाखवते. रक्तवाहिन्यांचा वृद्धिघटक, व्हीईजीएफ, याच्या बाबतीत मात्र वेगळे झाले. ई-६ मुळे त्याचे प्रमाण वाढते आणि गाठ आपल्यासाठी रक्तवाहिन्या ओढून घेते. त्याला निष्प्रभ करणारे बेव्हॅसिझुमॅब केमोथेरपीला जोडले तर रुग्णांचे सरासरी आयुष्य १३.३ महिन्यांवरून १७ महिन्यांवर गेल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी की ताटलीत रक्तवाहिन्या नसतात. या औषधाचा खरा परिणाम नुसत्या हेला पेशींत कधीच दिसला नसता.

महाराष्ट्रात पेशीसंवर्धन परळबाहेर पसरले ते पुण्यामुळे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये डासांच्या अळ्यांपासून पेशींचे वंश तयार केले, आणि जगभर डेंग्यूसारख्या विषाणूंवरच्या कामाला ते उपयोगी पडले. १९८६ मध्ये पुण्यातच प्राणी ऊती व पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली, आजचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र. देशभरच्या संस्थांना पेशी पुरवणारे हे कोठार विद्यापीठाच्या आवारात आहे. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या कुप्यांतून हेला, सीहा यांसारखे वंश तिथे जपले जातात. अशा कोठाराची गरज किती होती हे हेलानेच दाखवले होते: १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी वेगवेगळ्या नावांचे अनेक वंश प्रत्यक्षात हेलाने गिळलेले आहेत हे उघड केले. एका थेंबाच्या चुकीने हेला दुसऱ्या कुपीत शिरते आणि मूळ पेशींना मागे टाकते. खात्रीचा वंश नसेल तर वृद्धिघटकाचा प्रयोग कोणत्या पेशीवर झाला हेच सांगता येत नाही.

कृष्णाकाठी संशोधनाची सोय आली ती सहकाराच्या पाठोपाठ. रेठऱ्याच्या कृष्णा साखर कारखान्याशी जोडलेल्या जयवंतराव भोसले यांच्या पुढाकाराने कराडला १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि पुढे तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभागही उभा राहिला. इथल्या अभ्यासकांनी काचेतल्या परदेशी वंशाऐवजी भागातल्याच ग्रामीण रुग्ण स्त्रियांचे रक्त घेऊन विषारी द्रव्ये पचवणाऱ्या विकरांच्या जनुकांत कोणते फरक कर्करोगाच्या धोक्याशी जुळतात हे तपासले. हे काम कुपीतल्या कामाइतके नेमके नसते, पण ते इथल्या बाईचे असते. हेला सोयीची आहे, मात्र तिची गुणसूत्रे सत्तर-ऐंशीच्या घरात गेली आहेत आणि अनेक दशके ताटलीत राहून ती मूळ गाठीपासून फार दूर आली आहे. वृद्धिघटकांवरचे निष्कर्ष तिच्यावरून उचलून थेट रुग्णाला लावता येत नाहीत, ही तक्रार जुनी आणि रास्त आहे.

रोगाचे मोजमाप शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात झाले. १९८७ पासून बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, आणि तिच्या सुरुवातीच्या वर्षांत स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा क्रमांक पहिला होता. बार्शीच्या रुग्णालयाच्या आधाराने उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. विषाणूची एकदाच केलेली चाचणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, असा निष्कर्ष त्यातून २००९ मध्ये निघाला. त्सुर हाउझेन यांनी कुप्यांमध्ये ओळखलेला विषाणू इथे मराठवाड्याच्या खेड्यांत शोधला जात होता. याच विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवरची सर्व्हाव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि ती २०२३ मध्ये बाजारात आली. ती विषाणूला पेशीत शिरू देत नाही, त्यामुळे ई-५, ई-६ आणि ई-७ यांना वाढीचे निरोप बिघडवण्याची संधीच मिळत नाही. आधीच लागण झालेल्या पेशीवर मात्र तिचा परिणाम होत नाही, म्हणून तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी तपासणीचा मार्ग लस आल्यानंतरही तसाच राहतो.